नळीपेक्षा फुगा सांभाळा

ऑपरेशनच्या भुलीनंतर आवाज का बसतो, ते बघू. स्क्रीनवर दिसतंय ना, ते स्वरयंत्र, कॅमेऱ्यातून वरून बघितलेलं. मधल्या दोन पांढुरक्या पट्ट्या म्हणजे स्वरतंतू, बोलताना त्या जवळ येऊन थरथरतात आणि श्वास घेताना बाजूला होतात, मग मधे अशी त्रिकोणी फट उघडते. १८५४ मध्ये मॅन्युएल गार्सिया नावाच्या गाणं शिकवणाऱ्या माणसाने चक्क आरसे लावून स्वतःच्या घशात ही फट बघितली होती. डॉक्टर नव्हता तो, गवई होता!

आता पूर्ण भूल देतात तेव्हा श्वास देण्यासाठी घालतात ती नळी जाते याच फटीतून. औषधांनी श्वास थांबलेला असतो, पोटातलं काही वर आलं तर फुफ्फुसात जाऊ नये हेही बघायचं असतं, त्यामुळे नळीला पर्याय नाही अशी बरीच ऑपरेशनं आहेत.

शुद्धीवर आल्यावर घसा दुखला, आवाज बसला की लोक म्हणतात, घालताना खरवडलं असेल. तसंही होतं, नाही असं नाही. म्हणून तर स्नायू पूर्ण सैल होईपर्यंत थांबायचं, नीट दिसत नसेल तर व्हिडिओ लॅरिंगोस्कोप, म्हणजे घशात बघायचं कॅमेरावालं उपकरण, घ्यायचा, उगाच जोर करायचा नाही. पण माझ्या मते खरा गुपचूप त्रास देणारा वेगळाच आहे, तो हा बघा, नळीच्या टोकाजवळचा छोटा फुगा, इंग्रजीत कफ म्हणतात त्याला.

हवा बाजूने निसटू नये म्हणून हा कफ श्वासनलिकेत फुगवतात. किती फुगवायचा? आतला दाब पाण्याच्या २० ते ३० सेंटिमीटर उंच स्तंभाइतका, बस. त्याच्या वर गेला की आतल्या नाजूक अस्तराचा रक्तपुरवठा दबायला लागतो, आणि कफ स्वरतंतूंच्या अगदी खाली राहिला तर आवाजाची नस कफ आणि बाहेरच्या कूर्चेच्या (लवचिक हाडाच्या) मधे चेपते. मग एका बाजूचा स्वरतंतू हलायचाच बंद होतो.

गंमत म्हणजे कफला जोडलेला, तोंडाबाहेर लोंबणारा दुसरा छोटा फुगा बोटांनी दाबून 'ठीक आहे' म्हणायची जुनी सवय आहे, आणि बोटांना दाब कळत नाही, अनुभवी बोटांनाही नाही. दाब मोजायचं साधं घड्याळासारखं यंत्र मिळतं, ते लावायला मिनिटही लागत नाही. आणि एकदा मोजून भागत नाही, कारण भुलीत नायट्रस ऑक्साइड हा वायू वापरला तर तो हळूहळू कफमधे शिरतो आणि कोणी हात न लावता दाब चढतो. मान हलवली तरी नळी हलते, हनुवटी छातीकडे आली की नळी आत जाते, मान मागे गेली की वर सरकते, म्हणजे कफ पुन्हा स्वरतंतूंजवळ.

नळीची जाडी हा पण मुद्दा आहेच. मोठ्या माणसांना आतून ७-८ मिलिमीटरची घालतात, पण बाहेरून ती आणखी जाड असते, आणि चालत असेल तर एक नंबर बारीक घेतलेली बरी. छोट्या ऑपरेशनला कधी कधी लॅरिंजियल मास्क चालतो, तो स्वरतंतूंच्या वरच बसतो, फटीतून जातच नाही. अर्थात त्याचाही कफ जास्त फुगवला तर घसा दुखतोच.

गाणारे, शिकवणारे, दिवसभर फोनवर बोलणारे, तुम्ही यातले असाल तर भूलतज्ज्ञांना आधीच सांगा. आधीच्या ऑपरेशननंतर आवाज बसला होता, मानेचं किंवा थायरॉईडचं ऑपरेशन झालंय, तेही सांगा. संकोच करू नका, त्यांना ते कळलेलं हवंच असतं.

नंतर थोडा घोगरेपणा आला तर तो बहुतेकदा दोन-चार दिवसांत जातो. तोवर ओरडायचं नाही, सारखं खाकरायचं नाही, आणि जोर लावून कुजबुजायचं पण नाही, त्यानेही ताण येतो. पण एक-दोन आठवडे झाले तरी आवाज तसाच असेल, किंवा पाणी पिताना ठसका लागत असेल, तर कान-नाक-घसावाल्यांकडे जाऊन दुर्बिणीने बघून घ्या. श्वास घ्यायला त्रास होत असेल तर मात्र एक दिवसही थांबू नका, सरळ हॉस्पिटल गाठा. क्वचित स्वरतंतू जिथे टेकतो तो छोटा सांधा निखळलेला असतो, आणि तो लवकर सापडला तर जागेवर बसवणं सोपं जातं, उशीर झाला की तो तसाच आखडून बसतो.