मीटर बदलण्याआधी अर्थिंग तपासा

(दुचाकी मेकॅनिकांच्या प्रशिक्षण वर्गातल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)

मित्रांनो, उजवा इंडिकेटर लावला की पेट्रोलचा काटा त्याच तालावर खालीवर होतो, ही तक्रार तुमच्यापैकी प्रत्येकाच्या गॅरेजात येऊन गेली असेल. गिऱ्हाईक म्हणतं, मीटर गेलं. आणि पुष्कळदा खरोखरच अख्खं मीटर बदललं जातं. नवीन मीटर बसवलं तरी काटा हलतोच, कारण दोष तिथे नव्हताच. गिऱ्हाइकाचे पैसे जातात आणि मीटरमध्ये नोंदलेले किलोमीटरही बहुतेक वेळा जुन्या मीटरबरोबर जातात. पुढे गाडी विकताना त्याला त्याचा जाब द्यावा लागतो. म्हणून माझा आग्रह आहे की मोजल्याशिवाय मीटरला हात लावायचा नाही.

इंडिकेटर आणि पेट्रोलचा काटा यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. तरी दोघं एकत्र वागतात. म्हणजे दोघांमध्ये काहीतरी सामाईक आहे, आणि ते सामाईक म्हणजे बहुतेक वेळा अर्थिंग, म्हणजे करंट बॅटरीच्या निगेटिव्हला परत जायची वाट. पुढच्या इंडिकेटरचा 10 वॅटचा बल्ब सुमारे 0.8 अँपिअर करंट घेतो. तो परत जातो त्याच काळ्या किंवा हिरव्या वायरीतून, जिच्यावर मीटरही बसलेलं असतं. त्या वायरीच्या जॉइंटला गंज चढून एक ओहमचा अडथळा तयार झाला असेल, तर बल्ब लागताक्षणी तिथे पाऊण व्होल्टच्या आसपास पडतात. मीटरच्या दृष्टीने जमीनच, म्हणजे अर्थचा शून्य व्होल्टच, तेवढी वर उचलली जाते. बल्ब विझला की ती खाली येते. काटा फक्त तेवढंच दाखवतो.

आता हा एक ओहम सापडायचा कसा? इथेच बरेच जण फसतात. मल्टिमीटर बीपवर ठेवतात, बॅटरीच्या निगेटिव्हला एक टोक, अर्थच्या वायरीला दुसरं, आणि बीप वाजला की अर्थिंग ठीक आहे असं ठरवतात. पण कित्येक मल्टिमीटरचा बीप 30-40 ओहमलाही वाजतो. ओहमच्या रेंजवर मोजायला गेलात तर प्रोबच्या वायरींचाच रेझिस्टन्स त्यात मिसळतो. एक ओहमचा दोष असा हाती लागत नाही.

तो लागतो गाडी चालू स्थितीत व्होल्टेज ड्रॉप मोजून. कपलर, म्हणजे वायरी जोडणारा प्लग, काढायचा नाही. चावी ऑन, हेडलाइट ऑन, इंडिकेटर ऑन. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर. काळा प्रोब बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर धरा, बॅटरीच्या केबलवर नव्हे, कारण केबलचा तिथला जोडही ढिला असू शकतो. लाल प्रोब मीटरच्या कपलरमध्ये मागच्या बाजूने, अर्थच्या पिनला. 0.1-0.2 व्होल्टच्या आत आकडा आला तर अर्थिंग चांगलं. इंडिकेटरबरोबर आकडा 0.8 पर्यंत उड्या मारत असेल तर लाल प्रोब हळूहळू बॅटरीकडे सरकवत आणा. आधी हेडलाइटच्या डूममधला जॉइंट, मग चेसिसचा अर्थ बोल्ट, मग बॅटरीची केबल. ज्या दोन जागांच्या मध्ये आकडा एकदम पडतो, तिथे दोष. तो बोल्ट काढा, खालचा रंग आणि गंज घासून धातू उघडा करा, आवळा, वरून ग्रीस लावा. खर्च जवळपास शून्य.

कोकणात, किनाऱ्यावरच्या गाड्यांना हे फार लवकर होतं. खारी हवा कपलरमध्ये शिरते आणि पितळी पिनांवर हिरवा थर बसतो. त्यात वॉशिंग सेंटरवाले मीटरखाली जोराच्या प्रेशरने पाणी मारतात. गिऱ्हाइकांना हे जरूर सांगा. आणखी एक जागा म्हणजे हँडल वळतं तिथला वायरिंगचा गुच्छ. वरून इन्सुलेशन धड दिसतं आणि आत तांबं तुटलेलं असतं. चावी ऑन ठेवून हँडल डावीउजवीकडे पूर्ण वळवा. मीटर जाऊन-येऊन करत असेल तर तिथेच शोधा.

आता पेट्रोलचा काटा एकाच जागी चिकटून बसला असेल तर काय करायचं? आधी गाडी मेन स्टँडवर घ्या. साइड स्टँडवर टाकी कलते आणि फ्लोट, म्हणजे टाकीतला पेट्रोलवर तरंगणारा सेन्सर, चुकीची पातळी दाखवतो. मग टाकीखालचा फ्लोटचा कपलर काढा, चावी ऑन करा. वायरिंगच्या बाजूच्या सिग्नल आणि अर्थ या दोन पिना क्षणभर एकमेकींना जोडा, मग मोकळ्या सोडा. काटा एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे गेला तर मीटर ठीक आहे, वायरिंग ठीक आहे, दोष टाकीत आहे. कुठल्या टोकाला जायला हवा हे गाडीवर अवलंबून असतं. काही गाड्यांत टाकी भरली की ओहम कमी होतात, काहींत जास्त. ते सर्व्हिस मॅन्युअलमध्ये बघायचं, अंदाजाने नाही. डिजिटल मीटरला ही चाचणी करण्याआधीही मॅन्युअल बघा.

फ्लोट बाहेर काढायचा असेल तर आधी बॅटरीची निगेटिव्ह केबल काढा. आसपास विडी-सिगारेट नाही, वेल्डिंग नाही. काढलेला फ्लोट हाताने वर-खाली करताना ओहम सरळ वाढत किंवा कमी होत जायला हवेत. मध्येच उडी मारली तर आतली पट्टी झिजली आहे.

एलईडी इंडिकेटरबद्दल खास बोलायला हवं. गिऱ्हाईक बाजारातून एलईडी आणतं, लावतं, आणि डावा दाबला की चारही लुकलुकतात. स्विच बदलला जातो, फ्लॅशर (इंडिकेटर लुकलुकवणारा भाग) बदलला जातो, काही फरक नाही. जुन्या पद्धतीच्या गाड्यांत मीटरमध्ये इंडिकेटरचा एकच पायलट बल्ब, म्हणजे इंडिकेटर चालू असल्याचं दाखवणारा छोटा दिवा, असतो आणि तो डाव्या आणि उजव्या वायरीच्या मध्ये जोडलेला असतो. डावा लागला की पायलटचा करंट उजव्या बाजूच्या थंड फिलामेंटमधून अर्थला जातो. त्या फिलामेंटला हा करंट अगदीच थोडा, म्हणून तो पेटत नाही. एलईडीला मात्र तेवढा पुरतो. उपाय सोपा आहे. पायलटची एक बाजू अर्थला द्या, आणि दुसऱ्या बाजूला डाव्या-उजव्या वायरी दोन डायोडमधून (करंट एकाच दिशेने जाऊ देणारे भाग) आणा. फ्लॅशर एलईडीला चालणारा हवा, तो वेगळा विषय.

पूर्ण मीटरच मेलं असेल तर फ्यूजनंतर लगेच चार्जिंग तपासा. इंजिन रेस केल्यावर बॅटरीवर साधारण 13.5 ते 14.5 व्होल्ट हवेत. 15 च्या वर जात असेल तर चार्जिंगचं व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर-रेक्टिफायर गेला आहे. तो तसाच ठेवून नवीन मीटर लावलंत तर तेही जाईल. आणि बॅटरी काढून किक मारून गाडी चालवायची सवय कृपा करून सोडा. बॅटरी नसली की व्होल्टेजच्या उसळ्या सरळ मीटरवर येतात.

बीएस-6 गाड्यांसाठी एक बंधन पाळा. प्रदूषणाच्या नव्या निकषांच्या, 2020 पासूनच्या या गाड्यांत सेन्सरच्या बऱ्याच वायरींवर 5 व्होल्ट असतात. तिथे फिलामेंटचा टेस्ट लॅम्प लावायचा नाही, तो जास्त करंट ओढतो आणि ईसीयूला, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरला, इजा करू शकतो. स्पीड सेन्सर तीन वायरींचा असेल तर आधी सप्लाय आणि अर्थ तपासा, मग चाक हाताने सावकाश फिरवून सिग्नलच्या वायरीवर आकडा वर-खाली होतो का बघा. होत असेल तर सेन्सर जिवंत आहे, पुढची वायर धरा. मीटर आणि ईसीयूमध्ये कॅनच्या, म्हणजे त्यांच्यात माहितीची देवाणघेवाण करणाऱ्या, दोन पिळलेल्या वायरी असतील तर बॅटरी काढून त्यांच्यामध्ये ओहम मोजा. साधारण 60 यायला हवेत. 120 आले तर एका टोकाचा रेझिस्टर तुटला आहे किंवा मधली वायर. या दोन वायरींवरून मोबाइल चार्जरसाठी किंवा फॉगलाइटसाठी जोड कधीही काढू नका. त्यासाठी बॅटरीवरून वेगळा फ्यूज आणि रिले घ्या.