लाल बावटा आणि माणगंगेचं पाणी

(दृश्य : मे महिना. सांगोला तालुक्यातलं माण नदीचं पात्र. वाळू, वेड्या बाभळी, एका कडेनं चाललेली मेंढरं.)

ही माण नदी. इथली माणसं तिला माणगंगा म्हणतात. साताऱ्याच्या माण तालुक्यात ती उगम पावते, आटपाडीतून सांगोल्यात येते आणि पुढे भीमेला मिळते. नाव गंगेचं, पण वर्षातले कितीतरी महिने या पात्रातून माणूस चप्पल न भिजवता पलीकडे जायचा.

पश्चिमेला सह्याद्री आहे. तिकडे महाबळेश्वरला पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. तेच ढग इथवर येतात तेव्हा त्यांच्यात फारसं काही उरलेलं नसतं. सांगोल्याच्या वाट्याला येतो पाचशे मिलिमीटरच्या आतबाहेर पाऊस, तोही लहरी. सोलापूर जिल्ह्यात या तालुक्याची ओळख एकाच शब्दात सांगत : दुष्काळी.

या तालुक्यानं एका माणसाला 11 वेळा विधानसभेत पाठवलं. गणपतराव देशमुख. गावाकडे सगळे त्यांना आबासाहेब म्हणायचे. मतदारसंघ एकच, पक्षही एकच : शेतकरी कामगार पक्ष. लाल बावट्याचा पक्ष.

(दृश्य : मुंबई. कुलाब्यातलं जुनं काउन्सिल हॉल, आजचं पोलीस मुख्यालय. मग नरिमन पॉइंटचं विधान भवन.)

महाराष्ट्र राज्य 1960 साली झालं. राज्याची पहिली विधानसभा निवडणूक 1962 ची, आणि सांगोल्याचे हे तरुण वकील त्याच निवडणुकीत निवडून आले. तेव्हा सभागृह कुलाब्याच्या या जुन्या इमारतीत भरायचं. 1981 साली नरिमन पॉइंटला नवं विधान भवन उभं राहिलं. आबासाहेब दोन्हीकडे बसले, आणि बहुतेक काळ विरोधी बाकांवर.

विरोधी बाकावरच्या, छोट्या पक्षाच्या आमदाराच्या हातात असतं तरी काय? बहुमत त्याच्याकडे नाही, निधीच्या चाव्या नाहीत. त्याच्याकडे असतात ती सभागृहाची आयुधं : तारांकित प्रश्न, लक्षवेधी सूचना, अर्धा तास चर्चा, कपात सूचना, पुरवणी मागण्यांवरचं भाषण. बाहेरून हे शब्द रुक्ष वाटतात. पण तारांकित प्रश्न कसा असतो ते ऐकलंत, तर त्याची ताकद कळते.

आमदार लिहितो, "अमुक गावच्या तलावाचं काम रखडले आहे, हे खरे आहे काय?" मंत्र्यांचं छापील उत्तर येतं, "होय, हे खरे आहे." किंवा, "हे खरे नाही." खाली ठरलेलं वाक्य : "प्रश्न उद्भवत नाही." इथे बहुतेकांचा प्रश्न संपतो. ज्यानं त्या तलावाच्या भरावावर उभं राहून काम पाहिलेलं असतं, त्याचा प्रश्न मात्र इथे सुरू होतो. तो उठतो, उपप्रश्न विचारतो. मग मंत्र्यांना आपल्या मागे गॅलरीत बसलेल्या अधिकाऱ्यांकडून चिठ्ठी मागवावी लागते. खेड्यातल्या एका तलावासाठी राज्याचं सरकार दोन मिनिटं थांबतं. आबासाहेब या कामात मुरलेले होते. सभागृहात पूर्णवेळ बसणारा आणि कागद वाचून बोलणारा आमदार अशीच त्यांची ख्याती होती. पुढच्या पिढ्यांतल्या नव्या आमदारांना ज्येष्ठ मंडळी सांगत, सभागृह शिकायचं असेल तर आबांना ऐका.

आणि गावाकडे यायचं ते एसटीनं. एसटीत आमदारांसाठी राखून ठेवलेलं एक आसन असतं. आज त्यावर आमदार बसलेला कुणी पाहत नाही. आबासाहेब त्या आसनावर खरोखर बसायचे. शेजारचा माणूस रेशनचं सांगायचा, पुढचा विजेचं. दुसऱ्या दिवशीच्या कामाची यादी प्रवासातच तयार व्हायची.

(दृश्य : जुनी छायाचित्रं. खडी फोडणाऱ्या बायका, पाटीत माती, झाडाला बांधलेली झोळी.)

1972. महाराष्ट्राच्या म्हाताऱ्या माणसांना आजही नुसता हा आकडा पुरतो. विहिरी आटल्या, दावणी रिकाम्या झाल्या. बाया-माणसं रस्त्याच्या कामावर खडी फोडायला गेली. कामावर सुकडी, म्हणजे पौष्टिक पिठाचा कोरडा खाऊ, मिळायची. रेशनला परदेशातून आलेला लाल मिलो, ज्वारीसारखं धान्य, यायचा, त्याची भाकरी थापताना तुटायची. त्याच वर्षीच्या निवडणुकीत आबासाहेब हरले होते. तालुक्यावर सगळ्यात मोठं संकट आलं आणि ते सभागृहाबाहेर होते. 1974 च्या पोटनिवडणुकीत ते परतले.

रोजगार हमीचा पहिला प्रयोग विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी 1965 साली तासगाव तालुक्यातल्या विसापूरला केला होता. दुष्काळानं ती कल्पना राज्यभर नेली. डाव्या पक्षांनी आणि शेतमजुरांच्या मोर्चांनी ती लावून धरली. 1977 साली विधिमंडळानं कायदा केला. मागेल त्याला काम, हा हक्क. देशात तो महाराष्ट्रानं सगळ्यांत आधी लिहून दिला.

त्याला पैसा कुठून आला, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. शहरातल्या नोकरदारांच्या पगारातून कापला जाणारा व्यवसाय कर 1975 च्या कायद्यानं सुरू झाला, तो या हमीसाठी. आजही पगाराच्या पावतीवर महिन्याला 200 रुपये आणि फेब्रुवारीत 300 कापलेले दिसतात ना, त्या ओळीचं मूळ इथे, या खडीच्या ढिगाऱ्यांत आहे. मुंबईच्या कारकुनानं सांगोल्याच्या चुलीसाठी दिलेला तो वाटा होता.

(दृश्य : डाळिंबाची बाग. लालभडक फुलं. ठिबकच्या नळ्या.)

1990 साली हीच रोजगार हमी फळबागेला जोडली गेली. शेतकऱ्यानं स्वतःच्या रानात खड्डे काढायचे, झाडं लावायची, जगवायची, आणि मजुरीचा, रोपांचा खर्च सरकारनं उचलायचा. सांगोल्याचं मुरमाड माळ, जिथे बाजरीसुद्धा रडत यायची, तिथे डाळिंब रुजलं. या झाडाला पाण्याचा ताण सोसतो. तीच इथल्या जमिनीची रीत. आधी गणेश वाण, मग भगवा. मृग बहार, हस्त बहार, आंबे बहार हे शब्द घराघरांत आले. शेततळ्यांचे काळे कागद माळावर चमकायला लागले. कौलं गेली, स्लॅब पडले. पोरी कॉलेजला जायला लागल्या. 2016 साली सोलापूरच्या डाळिंबाला भौगोलिक मानांकन मिळालं. 28 डिसेंबर 2020 ला देशातली शंभरावी किसान रेल्वे सुटली, ती याच सांगोल्याच्या स्टेशनातून, थेट पश्चिम बंगालच्या शालिमारला.

हे सगळं एका आमदारानं केलं असं म्हणणं खोटं ठरेल. केलं ते शेतकऱ्यांनी, रात्रीच्या विजेवर पाणी देत. पण त्या खड्ड्यांची मजुरी वेळेवर निघावी, हजेरीपट खोटा नसावा, कामं थांबू नयेत, यासाठी मुंबईत आणि नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात कुणीतरी उभं राहावं लागतं.

(दृश्य : सूतगिरणी. चात्यांचा एकसुरी आवाज. केसांत कापसाचे तंतू अडकलेले कामगार पाळी संपवून बाहेर पडतायत.)

सांगोल्यात कापूस जवळजवळ पिकत नाही. तरीही इथे शेतकऱ्यांची सहकारी सूतगिरणी उभी राहिली, आबासाहेबांच्या पुढाकारानं. ज्या तालुक्यात कापूस नाही तिथे गिरणी कशासाठी, हा प्रश्न साहजिक होता. उत्तर भूगोलात होतं. एका बाजूला सोलापूर, चादरींचं आणि टॉवेलांचं शहर. दुसऱ्या बाजूला इचलकरंजी, यंत्रमागांचं शहर. दोघांनाही रोज सूत लागतं. कापसाच्या गाठी बाहेरून आणता येतात. पाऊस आणता येत नाही.

दुसरं उत्तर घरांत होतं. कोरडवाहू शेतकऱ्याची पोरं दिवाळीनंतर ऊसतोडीला जात, किंवा मुंबईला, किंवा सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात देशभर पांगत. मागे म्हातारी माणसं आणि शेळ्या. गिरणीत तीन पाळ्या चालतात आणि महिन्याला पगार होतो. घरात पगार येत असेल, तर पाऊस न आल्यानं घर मोडत नाही. राज्यातल्या कितीतरी सहकारी सूतगिरण्या कर्जात बुडाल्या, त्यांच्या फाटकांना कुलपं लागली. सांगोल्याच्या गिरणीनं मात्र नीट चालवलेली संस्था म्हणून नाव कमावलं.

(दृश्य : टेंभूचा बराज. कृष्णेचं भरलेलं पाणी. डोंगरावर चढणाऱ्या पंपांच्या जाड नळ्या.)

आता पाणी. हा विषय त्यांच्या आयुष्यभराचा.

सांगोल्याला पाण्याच्या जुन्या वाटा होत्या. राजेवाडीचा ब्रिटिशकालीन तलाव, नीरा उजवा कालवा. पण कालव्याच्या नकाशात सांगोला शेवटी येतो. शेपटाला. वरचे भिजवून घेतात, आणि शेपटाच्या शेतकऱ्याला आवर्तन, म्हणजे कालव्याला पाणी सोडण्याची पाळी, संपल्याचं कळतं.

1993 साली आटपाडीला दुष्काळी तालुक्यांची पाणी परिषद भरली. क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी, डॉ. भारत पाटणकर आणि गणपतराव देशमुख हे या चळवळीतले मोठे लोक. सातारा, सांगली, सोलापूरच्या तेरा तालुक्यांचे शेतकरी एकत्र आले. मागणी साधी आणि मुळाला हात घालणारी : कृष्णेचं पाणी उचलून आमच्याकडे आणा, आणि ते समन्यायी वाटा. ज्याला जमीन नाही त्या कुटुंबालाही पाण्यावर हक्क द्या.

कराडजवळ टेंभूला कृष्णा अडवून ते पाणी टप्प्याटप्प्यानं वर चढवायचं होतं. कडेगाव, खानापूर, तासगाव, आटपाडी पार करत सांगोल्यापर्यंत. निधी अडला, भूसंपादन अडलं, पंपांची वीजबिलं थकली. दर वर्षी आटपाडीत परिषद भरायची, दर अधिवेशनात टेंभू आणि म्हैसाळ या कृष्णेचं पाणी उचलणाऱ्या योजनांची दोन नावं सभागृहात घुमायची. शेवटी वीजबिलाचे 81 टक्के सरकारनं आणि 19 टक्के शेतकऱ्यांनी भरायचे, हे ठरलं. त्या 81 आकड्यामागे किती मोर्चे आहेत, ते माणदेशालाच ठाऊक.

(दृश्य : चारा छावणी. ओळीनं बांधलेली खिलार जनावरं. कापडाच्या आडोशाखाली स्वयंपाक करणारी बाई. अभ्यास करणारा मुलगा.)

पाणी येईपर्यंत हे होतं. 2012-13 मध्येही, 2018-19 मध्येही. जनावरांसोबत सगळं घर छावणीत मुक्कामाला.

या प्रवासात दोनदा लोकांनी त्यांना नाकारलं. 1972 ला, आणि 1995 ला अवघ्या 192 मतांनी. दोन्ही वेळा ते पुन्हा त्याच गावांत, त्याच पारांवर जाऊन बसले. पक्ष बदलला नाही, मतदारसंघ बदलला नाही. 1978 आणि 1999 साली मंत्रिपद मिळालं, ते गेल्यावर परत बाकावर आले. नव्वदी ओलांडल्यावर, 2019 ला, निवडणूक लढवायचं थांबवलं. 30 जुलै 2021 ला सोलापुरात त्यांनी देह ठेवला. 2024 साली त्यांचे नातू डॉ. बाबासाहेब देशमुख त्याच पक्षाकडून सांगोल्याचे आमदार झाले.

त्यांच्यापुढची कामं सोपी नाहीत. तेल्या रोगानं आणि खोडाला छिद्रं पाडणाऱ्या किडीनं डाळिंबाची हजारो झाडं वाळली, लोकांनी उभ्या बागा उपटून बांधावर पेटवल्या. वीस वर्षं लेकरासारखं जपलेलं झाड स्वतःच्या हातानं तोडणं काय असतं, ते त्या बांधावर उभं राहिल्याशिवाय कळणार नाही.

(दृश्य : पुन्हा माण नदी. कोल्हापूर पद्धतीचा बंधारा. टेंभूचं आवर्तन सुटलंय.)

वर कुठेतरी पंप सुरू झालेत. पाणी येताना आधी पालापाचोळा ढकलत येतं, मग वाळूचा रंग बदलतो. बंधाऱ्यावर पाच-सहा माणसं उभी आहेत. एक म्हातारा खाली उतरलाय, पायजमा गुडघ्यापर्यंत गुंडाळून. बर्गे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, टाकायचे की पुढच्या गावाला पाणी सोडायचं, यावर वरती बोलणं चाललंय. खाली शेपटाकडच्या गावाहून दोघेजण मोटारसायकलवर आलेत, आपलं पाणी मागायला.