ब्रेक ऑइल: टॉप-अप केलं म्हणजे बदललं नव्हे

कोयनानगरकडून कुंभार्ली घाट उतरून पोफळीला आलात की थांबलेल्या गाड्यांपाशी करपट वास येतो बघा, कारण बरेच जण अख्खा घाट वरच्या गिअरमध्ये नुसत्या ब्रेकवर उतरतात. डिस्क तापते, पॅड तापतात आणि ती उष्णता कॅलिपरमधून (म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागातून) ब्रेक ऑइलपर्यंत जाते.

नवं कोरं डॉट ४ (ब्रेक ऑइलची एक प्रत) ऑइल असेल तर ते किमान २३० डिग्रीपर्यंत उकळत नाही. पण हे ऑइल हवेतलं पाणी शोषतं, आणि ३.७ टक्के पाणी मुरलं की हाच आकडा १५५ पर्यंत खाली येऊ शकतो. मग लाईनमध्ये वाफ होते, पाय मारला की ती वाफच दाबली जाते, पेडल खाली जातं आणि गाडी काही थांबत नाही. गंमत म्हणजे गाडी थंड झाली की ब्रेक बऱ्याचदा परत नीट लागतो, त्यामुळे गॅरेजवाला म्हणतो, साहेब काहीच प्रॉब्लेम नाही.

आता काही जण म्हणतील आमची गाडी गणपतीला आणि शिमग्याला तेवढी निघते, किलोमीटर कुठे झालेत. अहो, उभ्या गाडीतही रबरी होजमधून, ब्रेक ऑइलच्या डबीच्या झाकणातून दमट हवा लागतेच की! म्हणून तर बऱ्याच मॅन्युअलमध्ये ऑइल २ वर्षं किंवा ४०,००० किलोमीटर, जे आधी होईल ते, झालं की बदला असं असतं. डबीत वरून थोडं भरलं (टॉप-अप) तर पाणी मुरलेलं जुनं ऑइल लाईनमध्ये तसंच राहतं.

बदलायचं कसं, हे बघा, एक जण सीटवर, एक चाकापाशी. "दाब... दाब... आता धरून ठेव!" निपल (कॅलिपरवरचा ऑइल बाहेर काढायचा छोटा स्क्रू) पाव आटा सैल केला की पारदर्शक नळीतून आधी काळपट चहासारखं ऑइल येतं, मधेमधे बुडबुडे, आणि बऱ्याच वेळाने फिकट पिवळं. निपल घट्ट केल्याशिवाय पेडल सोडायचं नाही, नाहीतर हवा आत. तसंच वरची डबी रिकामी होऊ द्यायची नाही, नाहीतर परत पहिल्यापासून. एबीएसच्या (ब्रेक मारताना चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) काही गाड्यांना स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचं यंत्र, लावावा लागतो, तिथे घरचे प्रयोग नकोत. आणि पेंटवर थेंब पडला तर लगेच पाणी ओता, ब्रेक ऑइलने रंग निघतो.

उरलेली अर्धी बाटली पुढच्या वेळेला होईल म्हणून माळ्यावर ठेवू नका, एकदा सील फुटलं की त्यातही पाणी मुरायला लागतं.