एका तोट्यातल्या चित्रपटाचा नाताळ

मित्रहो, नाताळच्या सुमारास जगभर आवडीने पाहिले जाणारे चित्रपट एकत्र मांडले, तर एक चमत्कारिक गोष्ट ध्यानात येते: त्यांतले बरेचसे नाताळात दाखवण्यासाठी काढलेलेच नव्हते. स्वतःला सांता क्लॉज म्हणवणाऱ्या म्हाताऱ्याचा प्रश्न न्यायालयात नेणारा ‘मिरॅकल ऑन थर्टीफोर्थ स्ट्रीट’ १९४७ साली उन्हाळ्याच्या तोंडावर प्रदर्शित झाला, कारण उन्हाळ्यात प्रेक्षक अधिक येतात असा स्टुडिओचा हिशेब होता. जाहिरातींत तर नाताळचा विषयच झाकून ठेवला होता. नाताळच्या आदल्या रात्री घडणारा मारधाडपट ‘डाय हार्ड’ जुलै १९८८ मधला. तेव्हा एखादा चित्रपट नाताळचा ठरतो तो कशामुळे, हा प्रश्न आज मला आपल्यासमोर मांडायचा आहे, आणि त्यासाठी मी मुख्यतः एकाच चित्रपटाबद्दल बोलणार आहे. तो म्हणजे फ्रँक काप्रा यांचा १९४६ मधला ‘इट्स अ वंडरफुल लाइफ’.

त्याचे मूळ एका लघुकथेत आहे. फिलिप व्हॅन डोरेन स्टर्न यांच्या या कथेला प्रकाशक मिळेना, म्हणून १९४३ च्या नाताळात त्यांनी तिच्या दोनशे प्रती स्वखर्चाने छापून शुभेच्छापत्रासारख्या स्नेह्यांना पाठवल्या. पुढे आरकेओ या स्टुडिओने तिचे हक्क घेतले आणि त्यांच्याकडून ती काप्रांच्या हाती आली. काप्रा महायुद्धात अमेरिकी लष्करासाठी प्रचारपट करून नुकतेच परतले होते. नायक जेम्स स्टुअर्ट यांनी युरोपवरच्या मोहिमांत बॉम्बफेकी विमाने चालवली होती, आणि युद्धानंतरचा हा त्यांचा पहिलाच चित्रपट होता. पडद्यावरचा त्यांचा संताप पाहताना ही पार्श्वभूमी मला नेहमी आठवते.

चित्रीकरण झाले १९४६ च्या उन्हाळ्यात, कॅलिफोर्नियाच्या उकाड्यात. तोवर पडद्यावरचे बर्फ म्हणजे पांढरे रंगवलेले कॉर्नफ्लेक्स असत. पायाखाली ते इतके कुरकुरत की संवाद नंतर पुन्हा ध्वनिमुद्रित करावे लागत. या चित्रपटासाठी आग विझवण्याचा फेस, साबण आणि पाणी यांचे मिश्रण दाबाने उडवून आवाज न करणारे बर्फ तयार केले गेले, आणि त्या तंत्राला अकादमीचा तांत्रिक पुरस्कारही मिळाला. चित्रपटाच्या वाट्याला आलेले ऑस्करचे यश तेवढेच. पाच नामांकने होती, पण सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा मान त्या वर्षी गेला विल्यम वायलर यांच्या ‘द बेस्ट इयर्स ऑफ अवर लाइव्ह्ज’ला, आणि हे वायलर काप्रांच्याच ‘लिबर्टी फिल्म्स’ या नव्या कंपनीतले भागीदार होते! २० डिसेंबर १९४६ रोजी न्यूयॉर्कमध्ये पहिला खेळ झाला, देशभरात चित्रपट पोहोचला तो जानेवारीत, म्हणजे सण उलटून गेल्यावर. खर्च तीस लाख डॉलरांहून अधिक झाला होता आणि स्टुडिओला तोटा सोसावा लागला. १९४७ मध्येच लिबर्टी फिल्म्स पॅरामाउंटला विकली गेली.

येथून पुढची हकीकत कलेपेक्षा कारकुनीची अधिक आहे. त्या वेळच्या अमेरिकी कायद्याप्रमाणे कॉपीराइट अठ्ठावीस वर्षांनी नूतनीकरण करून घ्यावा लागे, आणि १९७४ साली हे नूतनीकरण राहून गेले. चित्रपट फुकट मिळतो म्हटल्यावर देशभरच्या दूरचित्रवाणी केंद्रांनी डिसेंबरातल्या रिकाम्या वेळा त्याने भरायला सुरुवात केली. मूळ कथेच्या आणि संगीताच्या हक्कांचा आधार घेऊन १९९३ मध्ये मालकांनी हे फुकट प्रक्षेपण थांबवले. तसे करता आले ते १९९० मधल्या सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालामुळे. तो खटला हिचकॉक यांच्या ‘रिअर विंडो’विषयी होता आणि त्यात हरलेल्या पक्षात स्वतः जेम्स स्टुअर्ट होते. पण तोवर दोन पिढ्यांना सवय लागून गेली होती.

अनेक अभ्यासक येथेच थांबतात आणि सारे श्रेय त्या कारकुनी चुकीला देऊन मोकळे होतात. मला ते पुरेसे वाटत नाही. नूतनीकरणाअभावी मोकळे झालेले चित्रपट इतरही पुष्कळ होते, आणि त्यांतल्या बहुतेकांचे आज कोणी नावही घेत नाही. फुकट मिळण्याने चित्रपट एकदा दाखवला जातो. तो दरवर्षी पाहिला का जातो, याचे उत्तर चित्रपटातच शोधावे लागते.

माझ्या मते ते उत्तर पैशाच्या चिंतेत आहे. नायक जॉर्ज बेली बेडफर्ड फॉल्स या लहान गावात वडिलांची वित्तसंस्था चालवतो. सभासदांच्या ठेवींतून सभासदांनाच घरासाठी कर्ज देणारी ही संस्था आपल्याकडच्या पतपेढीची सख्खी बहीण शोभेल. मंदीच्या काळात ठेवीदारांची झुंबड उडते, तेव्हा तुमचा पैसा तिजोरीत नसून शेजाऱ्याच्या घराच्या भिंतींत आहे, हे जॉर्ज त्यांना समजावतो, आणि मधुचंद्रासाठी ठेवलेले दोन हजार डॉलर वाटून टाकतो. दार बंद होते तेव्हा दोन डॉलर शिल्लक असतात. पतव्यवहार इतक्या सोप्या शब्दांत समजावणारा दुसरा प्रसंग चित्रपटांत मला तरी आढळलेला नाही. पुढे ऐन नाताळच्या आदल्या दिवशी त्याच्या काकांकडून आठ हजार डॉलर हरवतात आणि जॉर्ज नदीवरच्या पुलावर जीव द्यायला जाऊन उभा राहतो. तो जन्मलाच नसता तर गाव कसे असते, हे त्याला वाचवायला आलेल्या देवदूताने दाखवण्याचा भाग सर्वांना आठवतो. पण दोन तासांहून मोठ्या या चित्रपटात तो बराच उशिरा येतो, आणि त्याआधीचा सारा काळ शिक्षण, प्रवास, महत्त्वाकांक्षा एकेक करून सोडून देणाऱ्या माणसाचा आहे. वर्षाच्या शेवटी घरोघर जो हिशेब मनातल्या मनात मांडला जातो, तोच येथे उघडपणे मांडला आहे.

शिवाय लायोनेल बॅरीमोर यांनी रंगवलेला धनाढ्य बँकवाला पॉटर ते आठ हजार डॉलर दाबून बसतो आणि त्याला अखेरपर्यंत काहीही शिक्षा होत नाही. बँकवाल्याला असे काळे रंगवणे हा कम्युनिस्ट कावा असल्याचा संशय १९४७ मध्ये एफबीआयच्या एका टिपणात व्यक्त झाला होता. गोडगोड म्हणून नावाजलेल्या चित्रपटाविषयी ही शंका निघावी, हे मला त्याच्या बाजूने पडलेले मत वाटते.

सवयीचे बळ नाकारण्याचे मात्र कारण नाही. १९७३ मधला ‘सिंड्रेलासाठी तीन हेझलनट’ अशा अर्थाच्या नावाचा चेक-पूर्व जर्मन चित्रपट पाहा. त्यात नाताळ कोठेच नाही. चित्रण उन्हाळ्यात व्हायचे होते, ते जर्मन स्टुडिओच्या सोयीसाठी हिवाळ्यात गेले, आणि त्या बर्फामुळे चेक आणि जर्मन घरांतल्या नाताळात त्याला कायमची जागा मिळाली. नॉर्वेमध्ये तर तो चोवीस डिसेंबरला सकाळी लागतो, आणि सिंड्रेलासकट सर्व पात्रांचे संवाद एकच पुरुष निवेदक बोलतो. नव्या प्रेक्षकाला ते हास्यास्पद वाटेल. तिथल्या लोकांना दुसरा आवाज चालत नाही.

आपल्यापैकी कोणी काप्रांचा चित्रपट पहिल्यांदाच पाहणार असेल, तर एक विनंती करतो. १९८० च्या दशकात संगणकाने रंगवलेल्या त्याच्या आवृत्त्या निघाल्या, त्यांना काप्रा आणि स्टुअर्ट या दोघांचाही विरोध होता. त्या टाळाव्यात. कृष्णधवल प्रत घ्यावी, ती न कापलेली, १३० मिनिटांची असल्याची खात्री करावी, आणि पहिला तास संथ वाटला तरी पुढे सरकवू नये, कारण पुलावरच्या माणसाने काय काय गमावले आहे ते त्याच तासात आले आहे.