तक्रारींची मिरवणूक आहे, सुखांची नोंद नाही

अध्यक्ष महोदया आणि श्रोतेहो,

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, आपल्या नागपुरात मारबतींची, म्हणजे इडा पीडा घेऊन जाणाऱ्या पुतळ्यांची, मिरवणूक निघते. काळी मारबत १८८१ पासून आणि पिवळी १८८५ पासून निघते असे सांगितले जाते, आणि त्यांच्यासोबत दरवर्षी नवे बडगे, म्हणजे त्या वर्षीच्या गाऱ्हाण्यांचे पुतळे, निघतात. कुणी महागाईचा बडग्या करतो, कुणी भ्रष्टाचाराचा, कुणी त्या वर्षीच्या एखाद्या नकोशा निर्णयाचा. ‘इडा पीडा घेऊन जा गे मारबत’ असा गजर करीत ही गर्दी इतवारी-महालातून पुढे सरकते आणि शेवटी त्या पुतळ्यांचे दहन होते. नागपूरकरांना कोणत्या वर्षी कशाचा जाच झाला हे ज्याला पाहायचे असेल, त्याला बडग्यांची यादी पुरेशी आहे. आपल्या गाऱ्हाण्यांची अशी सार्वजनिक दखल घेणारा उत्सव आपल्याकडे आहे, याचा मला अभिमानच वाटतो.

परंतु याच शहरात, याच वर्षांत, सामान्य माणसाला रोजच्या जगण्यात कशाने बरे वाटले, याची दखल कुठे आहे? जिल्हा गॅझेटियर उघडले तर पिके, लोकसंख्या, पर्जन्यमान आणि तापमान मिळते. वर्तमानपत्रांच्या जुन्या फायलींत सभा, अपघात आणि निवडणुका मिळतात. मे महिन्यात गच्चीवर पाणी शिंपडून, तापलेली फरशी निवल्यावर गाद्या घालून सगळे घर तिथे झोपत असे, मध्यरात्रीनंतर वारा सुटे आणि पहाटे पायाशी ठेवलेली चादर ओढून घ्यावी लागे, हे मात्र कोणत्याही दप्तरात लिहिलेले नाही. ज्यांनी ते अनुभवले ते आहेत तोवर ते आहे. आज मला जे सांगायचे आहे ते एवढेच, की शहरातल्या साध्या सुखांची नोंद शहरात राहणाऱ्यालाच करावी लागते, आणि ती करायची तर विशेषणे बाजूला ठेवून ठिकाण, वेळ, माणूस आणि कृती लिहावी लागते.

‘आज मन प्रसन्न झाले’ हे वाक्य वहीत लिहिले, तर दहा वर्षांनी ते वाचणाऱ्याला, म्हणजे बहुधा आपल्यालाच, काहीही कळत नाही. त्याऐवजी पुढच्यासारखी नोंद पाहा: ‘एप्रिलचा दुसरा आठवडा, सायंकाळचे साडेसात. कूलरच्या ताट्यांमध्ये नवी खस भरून घेतली. पाणी सोडल्याबरोबर वास समोरच्या खोलीपर्यंत आला. आजी म्हणाली, आता लागला उन्हाळा बाप्पा.’ या नोंदीत आनंद हा शब्द नाही, तरी तो कुणाला, कशाने आणि केव्हा झाला हे सगळे त्यात आले आहे. आजीचे वाक्य तिच्याच बोलीत ठेवले हेही महत्त्वाचे आहे, कारण प्रमाण भाषेत ते दुरुस्त करून लिहिले असते तर आजी त्यातून निघून गेली असती.

कूलरच्या याच उदाहरणावर थोडे अधिक थांबतो, कारण सुखाची तारीख का लिहावी हे त्यातून चांगले दिसते. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत हवा अतिशय कोरडी असते, त्यामुळे ताटीतल्या पाण्याची झपाट्याने वाफ होते, आणि त्या वाफेसाठी लागणारी उष्णता आत येणाऱ्या हवेतूनच घेतली जात असल्याने ती हवा गार होऊन खोलीत येते. पंचेचाळीस अंशांच्या दुपारी हे साधे यंत्र नागपुरात जितके उपयोगी पडते, तितके मुंबईच्या दमट हवेत कधीच पडणार नाही. जूनमध्ये पावसाची हवा सुरू झाली की आपल्याकडेही वाफ होणे मंदावते, आणि ज्या कूलरसमोर आदल्या आठवड्यात घरातली मुले जागेसाठी भांडत होती, तोच खोली चिकट करू लागतो. मग कुणीतरी म्हणतो, ‘बंद कर बे तो, खिडकी उघड.’ त्या उघडलेल्या खिडकीतून ओल्या मातीचा वास येतो, आणि एक सुख संपून दुसरे सुरू झालेले असते. हा बदल कोणत्या दिवशी झाला हे दरवर्षी टिपणारा माणूस, वेधशाळेने मान्सूनची घोषणा केव्हा केली यापेक्षा वेगळे आणि आपल्या घरापुरते अचूक असे काही लिहून ठेवत असतो.

सकाळच्या पोह्यांकडे वळू. तर्री-पोह्यांविषयी आजवर इतके लिहिले आणि दाखवले गेले आहे, की आता त्यात टिपण्यासारखे काय उरले असे वाटावे. कस्तुरचंद पार्कच्या बाजूला सकाळी उभे राहिले, तर बहुतेक जण ताटलीचे छायाचित्र घेताना दिसतात. छायाचित्रात पोहे येतात, हरभऱ्याचा रस्सा येतो, वर तरंगणारा लाल तवंग येतो आणि चिरलेला कांदा येतो. जे येत नाही ते असे, की अर्धी ताटली संपल्यावर माणूस न बोलता हात पुढे करतो, आणि पोहेवाला, त्याच वेळी दुसऱ्याशी पैशांचा हिशेब बोलत असताना, न बघता त्यावर आणखी एक पळी तर्री ओततो. या दुसऱ्या पळीचे पैसे नसतात. ती मागावी लागत नाही, नाकारली जात नाही, आणि तिच्याबद्दल कुणी आभारही मानत नाही. माझ्या मते ताटलीतले खरे सुख त्या पळीत आहे, आणि ते केवळ लिहूनच राखता येते. त्याच नोंदीत ताटलीची किंमत अवश्य लिहावी. आज ती क्षुल्लक वाटते, वीस वर्षांनी वाचणारा सर्वांत आधी तीच शोधील.

संत्र्यांविषयी फार बोलत नाही, नागपुरात ते धाडसाचे ठरेल. एवढेच सुचवतो, की नुसते ‘संत्री घेतली’ असे न लिहिता फळ आंबिया बहाराचे की मृग बहाराचे हे विक्रेत्याला विचारून लिहावे. आंबियाची फळे साधारण दिवाळीच्या आगेमागे येतात आणि त्यांना थोडा आंबूसपणा असतो, तर मृगाची फळे उन्हाळ्याच्या तोंडावर येतात आणि अधिक गोड असतात. हा प्रश्न विचारला की विक्रेता आपल्याकडे जरा निराळ्या नजरेने बघतो आणि पुष्कळदा ढिगातून स्वतः निवडून देतो, हा त्यातला आनुषंगिक लाभ आहे.

अशा बारीकसारीक गोष्टी लिहिण्याच्या योग्यतेच्या आहेत का, अशी शंका काहींना येईल. त्यांना मी इथून फार दूर नसलेल्या रिद्धपूरची आठवण करून देतो. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी चक्रधर स्वामींच्या आठवणी, त्या प्रत्यक्ष पाहिलेल्या माणसांकडे जाऊन, एकेक करून गोळा केल्या, आणि मराठी गद्याचा पहिला मोठा ग्रंथ, लीळाचरित्र, त्यातून तयार झाला. त्यात तत्त्वज्ञान आहेच, पण स्वामी कोणत्या गावी होते, कोणत्या देवळात उतरले, जवळ कोण होते, कोण काय बोलले आणि जेवायला काय होते, हेही तेवढ्याच निष्ठेने लिहिले आहे. म्हाइंभटांची ती निष्ठा भक्तीतून आली होती आणि आपल्या वहीत ती नसेल. तरी गद्य लिहायचे म्हणजे अमुक ठिकाणी अमुक घडले असे सांगायचे, ही रीत आपल्याला वऱ्हाडातूनच मिळालेली आहे, आणि ती सोडून आपण अलीकडे सुविचारांकडे वळलो आहोत.

इथे एका गोष्टीबद्दल स्पष्ट बोलले पाहिजे. रोज रात्री कृतज्ञतेच्या चार ओळी लिहाव्यात, म्हणजे मन सकारात्मक राहते, असा एक उपदेश हल्ली सर्वत्र ऐकू येतो. ज्यांना त्याचा उपयोग होतो त्यांनी तो जरूर करावा, पण मी सांगतो आहे ते हे नव्हे. कृतज्ञतेच्या वहीत नाग नदीवरच्या पुलावरून जाताना नाकाला लावलेला रुमाल येत नाही, माझ्या वहीत तो आला पाहिजे, कारण पूल ओलांडल्यावर रुमाल खाली घेताना गरम जिलेबीचा वास आला असेल, तर त्या वासाची गंमत रुमालाशिवाय सांगता येत नाही. शिवाय आपल्या सुखात दुसऱ्याचे कष्ट असतात. कूलरच्या ताट्या भरणारा माणूस भर उन्हात दारोदार फिरत असतो, आणि पोहे सात वाजता तयार असतात याचा अर्थ कुणीतरी पहाटे चारला उठलेले असते. त्याची नोंद केल्याने सुख कमी होत नाही आणि लिहिणे मात्र खोटे राहत नाही. अनोळखी माणसांची नावे आणि पत्ते मात्र लिहू नयेत, त्यांनी आपल्याला तशी परवानगी दिलेली नसते.

लिहिण्याची वेळ त्याच दिवशीची असावी. दुसऱ्या दिवशी आठवणीत वाक्ये गुळगुळीत होतात, आणि आठवड्याने तर आपण स्वतःला अधिक चतुर बोलताना ऐकू लागतो. वही साधी असावी, कारण सुंदर वहीत क्षुल्लक गोष्ट लिहायला हात धजत नाही.

कुठून सुरुवात करावी असे ज्यांना वाटत असेल, त्यांच्यासाठी एक बिनपैशाचा प्रसंग सुचवतो. नागपूर कर्कवृत्ताच्या दक्षिणेला, सुमारे २१.१५ उत्तर अक्षांशावर असल्यामुळे सूर्य वर्षातून दोनदा आपल्या अगदी डोक्यावर येतो, आणि तेवढ्यापुरती सरळ उभ्या वस्तूची सावली तिच्या पायाशीच लपते. पहिला दिवस २६ मेच्या सुमारास, ऐन नवतपात, म्हणजे मेच्या शेवटी सुरू होणाऱ्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, येतो. आपल्या घड्याळाची वेळ ८२.५ पूर्व रेखांशावरून ठरलेली असल्याने आणि नागपूर त्याच्या पश्चिमेला असल्याने, ही घटना बाराला न होता साधारण बारा वाजून दहा मिनिटांनी होते. शून्य मैलाच्या स्तंभापाशी जाता आले तर उत्तम, नाहीतर अंगणात एक पाण्याची बाटली उभी ठेवावी, डोक्याला दुपट्टा बांधावा, शेजारच्या मुलांना हाक मारावी, आणि त्यांनी काय म्हटले ते त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यावे. दुसरा दिवस १७ जुलैच्या आसपास असतो, पण तेव्हा आभाळ बहुधा भरलेले असते, म्हणून मे महिन्यातलीच दुपार गाठलेली बरी.