डेल्सफर्डची भिंत

श्रोतेहो, नमस्कार.

‘जॉर्जियन वाडा’ म्हटलं की कुणाला जॉर्जिया देश आठवेल. तो इथं नाही. १७१४ ते १८३० या काळात इंग्लंडच्या गादीवर ओळीनं चार जॉर्ज बसले, त्यांच्या काळातली मोजून-मापून बांधलेली घरं ती जॉर्जियन. ग्लॉस्टरशरमधलं डेल्सफर्ड त्यातलंच. बांधणारा आपल्या चांगल्या ओळखीचा, कंपनी सरकारचा गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्ज! वडगावला मराठ्यांपुढे इंग्रजांचं नाक कापलं गेलं ते याच्याच अमदानीत, आणि मराठ्यांशी झालेला १७८२ चा सालबाईचा तहही.

डेल्सफर्डची जहागीर हेस्टिंग्जांच्या घराण्यातून पूर्वीच गेलेली. ती त्यानं १७८८ मध्ये परत विकत घेतली. त्याच वर्षी पार्लमेंटात त्याच्यावर खटला उभा राहिला आणि सात वर्षं चालला. १७९५ मध्ये तो निर्दोष सुटला, पण खिसा रिकामा करून. काशीचा राजा चेतसिंग आणि अयोध्येच्या नवाबाच्या घरातल्या बेगमा यांच्याकडून पैसा काढला, हे त्या खटल्यातले मोठे आरोप. ते आठवले की मला या घराकडे नुसतं ‘सुंदर’ म्हणून बघता येत नाही. सॅम्युअल पेपिस कॉकरेल या वास्तुविशारदानं आखलेल्या या इंग्रजी घरावर एक घुमटही आहे.

पण खरी गंमत बागेत. विलायतेत फळबागेला उंच भिंत घालतात ती चोरासाठी कमी, थंडीसाठी जास्त. दिवसभर उन्हानं तापलेली भिंत रात्री ऊब सोडते. तिला पीचची झाडं पंख्यासारखी पसरून बांधतात, म्हणजे मोहोर गारठत नाही. काही ठिकाणी तर भिंतच पोकळ ठेवून आत धुराडं फिरवत आणि खाली विस्तव पेटवत.

अशा मुलखात साहेबानं मागवलं काय, तर कलकत्त्याजवळच्या अलीपूरच्या आपल्या जुन्या बागेतून सीताफळाच्या बिया! सासवडच्या बागायतदाराला हसू येईल. लिचीचाही प्रयोग केला. तिबेटी शेळ्या आणि भूतानची गुरं आणली, पण ती काही तिथं रुळली नाहीत.

१८१८ च्या जूनमध्ये दुसरा बाजीराव इंग्रजांना शरण गेला. ऑगस्टात, पंच्याऐंशीव्या वर्षी, हेस्टिंग्ज डेल्सफर्डला वारला. हिंदुस्थानातून जहाज यायला तेव्हा चार-पाच महिने लागत. ती बातमी बहुधा त्याच्यापर्यंत पोचलीच नसावी.