रविवार, गुरुवार, रविवार: अमेरिकेतल्या मुलींचं कॉलेज फुटबॉल

नमस्कार, श्रोतेहो.

अमेरिकेतला मुलींच्या कॉलेज फुटबॉलचा सामना पहिल्यांदा बघणारा माणूस आधी घड्याळापाशी अडखळतो. आपल्या सवयीचं घड्याळ शून्यावरून ४५ मिनिटांकडे चढतं, तिथलं ४५ वरून शून्याकडे उतरतं. गोल झाला, कार्ड निघालं, पेनल्टी दिली की ते थांबवतात. त्यामुळे शेवटी पंचांनी अंदाजाने वाढवून दिलेली तीन-चार मिनिटं हा प्रकारच नाही. शेवटचे १० सेकंद ध्वनिक्षेपकावरून मोठ्याने मोजले जातात आणि शून्याला भोंगा होतो. त्या क्षणी चेंडू गोलरेषेच्या वीतभर अलीकडे हवेत असला, तरी गोल नाही. म्हणून शेवटच्या मिनिटात कॉर्नर मिळाला तर चेंडू ठेवायला धावतच जावं लागतं. घड्याळ पळतच असतं.

आज बोलायचंय ते अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्स, म्हणजे एसीसीच्या हंगामाअखेरच्या स्पर्धेबद्दल. कॉन्फरन्स म्हणजे एकमेकांशी दरवर्षी खेळणाऱ्या विद्यापीठांचा गट. ऑगस्टच्या मध्याला हंगाम सुरू होतो, सप्टेंबर-ऑक्टोबरात गटातले साखळी सामने होतात आणि नोव्हेंबरच्या तोंडावर वरचे संघ बाद फेरीला उतरतात. ही स्पर्धा जिंकणाऱ्या संघाला राष्ट्रीय स्पर्धेत थेट प्रवेश मिळतो. राष्ट्रीय स्पर्धा ६४ संघांची. त्यातल्या तीसेक जागा अशा गटविजेत्यांच्या, बाकीच्या निवड समिती हंगामातली कामगिरी तोलून देते.

सगळ्याच गटांना अशी स्पर्धा पटलेली नाही. आयव्ही लीगने ती २०२३ साली पहिल्यांदा घेतली. पश्चिम किनाऱ्यावरच्या पॅक-१२ ने, २०२४ साली तो गट फुटेपर्यंत, मुलींसाठी कधीच घेतली नाही, साखळीत पहिला आलेलाच त्यांचा विजेता असायचा. छोट्या गटात हा फरक फार बोचतो. तिथून राष्ट्रीय स्पर्धेत बहुधा एकच संघ जातो. अडीच महिने पहिल्या क्रमांकावर राहिलेला संघ एका वाईट दुपारी हरला, की घरी बसतो. मला हे अन्यायाचं वाटतं. साखळीतल्या पहिल्या संघाला निदान घरचं मैदान तरी मिळायला हवं.

एसीसीचं तसं नाही. तिथले वरचे पाच-सहा संघ समितीच्या यादीत सहज बसतात. मग ते या आठवड्यात काय वाचवतात आणि काय खर्च करतात, हे बघण्यासारखं असतं.

२०२२ आणि २०२३ या दोन हंगामांतली रचना घ्या. सहा संघ. पहिल्या दोघांना पुढे चाल. उरलेल्या चौघांचे पहिल्या फेरीचे सामने रविवारी, वरच्या मानांकनाच्या विद्यापीठाच्या मैदानावर. उपान्त्य सामने गुरुवारी आणि अंतिम सामना त्याच्या पुढच्या रविवारी, नॉर्थ कॅरोलायनातल्या केरी गावी, वेकमेड सॉकर पार्कमध्ये. सोमवारी राष्ट्रीय स्पर्धेची यादी लागते आणि त्याच आठवड्याच्या अखेरीस तिची पहिली फेरी. म्हणजे पुढे चाल न मिळालेला संघ अंतिम फेरीपर्यंत गेला, तर त्याचे १३ दिवसांत चार सामने होतात.

आता पायांचा हिशोब. पूर्ण सामना खेळलेल्या मुलीच्या स्नायूंतला साखरेचा साठा नीट भरून यायला ४८ ते ७२ तास लागतात. गुरुवारी रात्री उशिरा संपलेला दुसरा उपान्त्य सामना आणि रविवारी दुपारचा अंतिम सामना यांच्यात पुरते ७२ तासही नसतात. म्हणून खाणं ड्रेसिंग रूममध्येच सुरू होतं. पहिले चार तास दर तासाला, शरीराच्या प्रत्येक किलोमागे साधारण १ ग्रॅम कर्बोदकं. ६० किलोच्या मुलीसाठी एक केळं आणि जॅम लावलेल्या पावाच्या दोन स्लाइस, म्हणजे तासाचा वाटा झाला. सोबत २० ते २५ ग्रॅम प्रथिनं. सामन्याआधी आणि नंतर वजन करतात. जितके किलो घटलं, त्याच्या दीडपट लिटर पाणी मिठाच्या अंशासह पोटात जायला हवं. चूक होते ती इथेच. हरलेल्या किंवा फार थकलेल्या मुलीला भूकच नसते, ती नुसतं पाणी पिऊन झोपते आणि शनिवारी पाय जड झाल्याची तक्रार करते. शुक्रवारी तासाहून जास्त खेळलेल्या मुलींना फक्त सायकल आणि ताण देण्याचे व्यायाम. बाकावर बसलेल्यांना मात्र खराखुरा सराव, कारण रविवारी त्यांच्यावाचून निभत नाही.

का निभत नाही, ते बदलीच्या नियमात आहे. कॉलेज फुटबॉलमध्ये बदल्या किती कराव्यात याला बंधन नाही, परत येण्याला आहे. पहिल्या सत्रात बाहेर गेलेली मुलगी त्या सत्रात परत येऊ शकत नाही. दुसऱ्या सत्रात बाहेर गेली, तर एकदाच परत येते. रक्तस्राव किंवा डोक्याचा मार यांसाठी वेगळी सवलत आहे. त्यामुळे २५-३० मिनिटांच्या सुमारास आघाडीची फळी एकदम बदलायची आणि दुसऱ्या सत्राला मूळच्या मुली ताज्या पायांनी उतरवायच्या, हा नेहमीचा डाव. धोका असा, की २६व्या मिनिटाला मुख्य स्ट्रायकर काढली आणि २८व्याला गोल बसला, तर मध्यंतरापर्यंत हात चोळत बसायचं.

त्याहून मोठी चूक मात्र डोळ्यांना दिसत नाही. आघाडी बदलत राहते, पण मधल्या दोन बचावपटू आणि त्यांच्या पुढे खेळणारी मधल्या फळीतली खेळाडू, या तिघींना कोणी काढत नाही. पहिल्या फेरीत ९०, उपान्त्य फेरीत जादा वेळ लागला तर ११०, आणि अंतिम सामन्यात पुन्हा ९०. शेवटच्या २० मिनिटांत मागे वळून धावताना पाऊल उशिरा पडतं, आणि उशिराचं पाऊल म्हणजे फाऊल. पहिल्या फेरीत २-० अशी आघाडी असताना ७०व्या मिनिटाला मधली बचावपटू बाहेर घेणारा प्रशिक्षक मला शहाणा वाटतो, मग प्रेक्षक काहीही म्हणोत.

फाऊलवरून कार्डं आलीच. साखळीतली पिवळी कार्डं बाद फेरीत पुसली जात नाहीत. हंगामातलं पाचवं मिळालं, की पुढचा सामना हुकतो. चार कार्डांवर असलेल्या मुलींची नावं सहायकाच्या वहीत वर लिहिलेली हवीत. पंचांशी हुज्जत घालून मिळालेलं पाचवं कार्ड हे सगळ्यात महागाचं.

केरी आणि शेजारच्या मॉरिसव्हिलमध्ये भारतीय वस्ती मोठी आहे, मराठी घरंही आहेत. तिथून कोणी ऐकत असाल तर गुरुवारचा रात्रीचा सामना जरूर बघा. सूर्य मावळला की गवतावर दव धरतं. कोरड्या मैदानावर उसळून थांबणारा चेंडू तिथे घसरत पुढे निघून जातो, आणि गोलरक्षकाच्या पुढ्यात टप्पा घेणारा साधा फटका एकदम अवघड होतो. चांगल्या गोलरक्षक सराव करतानाच हातमोजे ओले करून घेतात.

बरोबरी झाली तर १०-१० मिनिटांची दोन जादा सत्रं. पूर्वी यात पहिला गोल झाला की सामना तिथेच संपायचा. २०२२ पासून दोन्ही सत्रं पूर्ण खेळवतात. तरीही बरोबरी राहिली, तर पाच-पाच पेनल्टी. विजेता पुढे जातो, पण अधिकृत नोंदीत तो सामना अनिर्णितच राहतो.

या नोंदीचा नमुना पहिल्याच वर्षी मिळाला. एसीसीची ही स्पर्धा १९८८ साली सुरू झाली. अंतिम सामन्यात नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठाने बलाढ्य नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाला बरोबरीत रोखलं आणि पेनल्टींवर करंडक नेला. नॉर्थ कॅरोलायना तेव्हा १९८६ पासून अपराजित होती, आणि कागदोपत्री त्या दिवशीही अपराजितच राहिली. ती मालिका १०३ सामन्यांपर्यंत गेली, १९९० मध्ये कनेक्टिकटने ती तोडली. करंडकाचं म्हणाल तर १९८९ ते २००३ नॉर्थ कॅरोलायनाने तो सलग १५ वेळा जिंकला. नॉर्थ कॅरोलायना स्टेटच्या कपाटात मात्र तो १९८८ चा एकच आहे.